बुटीक हॉटेल, जोडलेले बेड आणि कस्टमर केअरची टोलवाटोलवी

तुमची पोस्ट वाचली आणि डोकं परत तापलं. अ‍ॅनिव्हर्सरीसाठी शांत गल्लीतलं छोटं हॉटेल, अ‍ॅपवर बुक करताना स्पेशल रिक्वेस्टच्या चौकोनात तुम्ही 'डबल बेड, मागची शांत खोली' असं लिहिलेलं, आणि हातात काय तर रस्त्याकडची खोली नि दोन सुटे बेड. हॉटेल म्हणतं अ‍ॅपला विचारा, अ‍ॅप म्हणतं हॉटेलला. डिट्टो आमचं! आमच्याकडे तर ९० सेंटीमीटरचे दोन बेड चिकटवून वर एकच चादर ताणली होती, रात्री ते सरकले आणि नवऱ्याचा हात कोपरापर्यंत फटीत. खिडकी उघडली तर समोर किचनचा एक्झॉस्ट. घ्या रोमान्स.

हॉटेल कसं निवडायचं वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतंय. पण तो स्पेशल रिक्वेस्टचा चौकोन म्हणजे नुसता निरोप असतो हो, गॅरंटी नाही असं तिथेच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मोठ्या हॉटेलात एकसारख्या खोल्या ढीगभर, बदलून मिळते. दहा-पंधरा खोल्यांच्या ठिकाणी प्रत्येक खोली वेगळी आणि भरलं की भरलं. म्हणून पुढच्या वेळी खोलीचं नाव घालून हॉटेललाच मेल टाका आणि 'हो' लेखी घ्या, फोनवरचं 'हो' ड्यूटी बदलली की संपतं.

आता ते कस्टमर केअर. दर वेळी नवा माणूस, पहिल्यापासून रामायण, शेवटी "आम्ही हॉटेलला मेल केलाय". कोणी एका शब्दाने सांगितलं नाही की मुळात पैसे कोणी कापले ते बघा. अ‍ॅपने कापले असतील तर हॉटेलवाला कितीही भला असला तरी परस्पर रिफंड देऊ शकत नाही, हॉटेलने कापले असतील तर अ‍ॅप फक्त विनंती करणार. आमचे अ‍ॅपने कापलेले आणि आम्ही भांडतोय रिसेप्शनवरच्या पोराशी! खरं तर मॅनेजर समोर असतानाच अ‍ॅपला फोन लावायचा आणि त्याच्याकडून 'रिफंडला आमची हरकत नाही' एवढं मेलवर घ्यायचं. तिथे रात्र काढली की केस ढिली पडते, कारण राहिलात ना तुम्ही.

अर्थात प्रत्येक अ‍ॅपचे नियम वेगळे, मी काही वकील नाही, आणि नॉन-रिफंडेबल रेट घेतला असेल तर जरा कठीणच आहे.

जाता जाता, अशा छोट्या ठिकाणी रात्री रिसेप्शन बंद असू शकतं, दाराचा कोड आधी मागून ठेवा. आणि जुन्या वाड्या-बंगल्याचं हॉटेल केलेलं असेल तर सगळ्यात वरची खोली मागा, लाकडी जमिनीवर वरच्यांची पावलं रात्रभर ऐकू येतात. लिफ्ट आहे का तेही विचारा मात्र, नाहीतर बॅगा तुमच्याच डोक्यावर.

तुमच्या कार्ड स्टेटमेंटवर नाव हॉटेलचं आलंय की अ‍ॅपचं? ते बघून इथे लिहा, मग मेलमध्ये काय लिहायचं ते सांगते.