वासराच्या वाट्याचं दूध

प्रश्न : ताई, चार महिन्यांपूर्वी मी मांस, अंडी, दूध सगळं सोडलं. गेल्या आठवड्यात भाचीच्या वाढदिवसाला तिने स्वतः केलेला केक पुढे केला आणि मी खाल्ला. त्यात लोणी आणि अंडी आहेत हे मला माहीत होतं. तेव्हापासून वाटतंय, आता कोणत्या तोंडाने स्वतःला व्हीगन म्हणवून घ्यायचं? त्यात भाऊ म्हणतो, "नांगर फिरतो तेव्हा शेतात उंदीर मरतातच, झाडांनाही जीव असतोच, मग हे सगळं ढोंगच ना?" मला उत्तर सुचलं नाही.

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात तुम्ही आहात, भाऊ आहे, भाची आहे. ज्यांच्यासाठी हे सुरू केलंत ती जनावरं मात्र कुठेच नाहीत. दोष देत नाही. पहिल्या वर्षी माझंही असंच झालं होतं. रोज रात्री स्वतःलाच तपासत बसायचे, आज कुठे बाटले का म्हणून.

मी दूध सोडलं ते एका गोऱ्ह्यामुळे. मावशीकडे गेले होते तेव्हा तिची गाय व्याली. चौथ्या दिवशी गोऱ्हा विकला, कारण त्याच्यापासून ना दूध मिळणार होतं ना त्याला पोसायची ऐपत होती. गाय तीन रात्री हंबरत होती. मावशी काही निर्दय बाई नव्हती. ती त्या गाईला नावाने हाक मारायची आणि त्या रात्री तिलाही झोप नव्हती. पण गाय नऊ महिने गाभण राहून व्याल्याशिवाय दूध देत नाही आणि जन्मणाऱ्या वासरांत निम्मे गोऱ्हे असतात, हा हिशेब गोठा लहान असो की मोठा, बदलत नाही. मोठ्या व्यावसायिक गोठ्यांत तर वासरू बहुतेकदा पहिल्या दिवशीच आईपासून दूर करतात. वीस वर्षं जगू शकणारी गाय तिथे पाच-सहा वर्षांत कत्तलखान्यात जाते.

केक खाल्लात म्हणून ते चार महिने पुसले जात नाहीत. मी असते तर खाल्ला नसता, हेही सांगते. पण भाचीला आधी फोन करून तिच्याबरोबर केक करायला बसले असते : लोण्याऐवजी तेल, दुधाऐवजी सोयादूध, अंड्याऐवजी खाण्याचा सोडा आणि चमचाभर व्हिनेगर. छान फुगतो. पुढच्या वाढदिवसाला करून बघा.

भावाचं उंदरांबद्दलचं म्हणणं खरं आहे. ते नाकारू नका. पिकं काढताना प्राणी मरतात. पण जनावरं पिकंच खातात. खाद्याचं मांसात रूपांतर करण्यात जमिनीवरच्या पाळीव प्राण्यांत कोंबडी सगळ्यांत काटकसरी, तरी तिचं एक किलो वजन वाढायला दीड-दोन किलो खाद्य लागतं, आणि त्या किलोत हाडं-पिसंही आली. जगातल्या सोयाबीनचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग पशुखाद्यात जातो. म्हणजे उंदरांची आणि रोपांची काळजी असेल, तर थेट धान्य खाणंच बरं. शिवाय रोपाला मज्जासंस्था नाही, मेंदू नाही. गाईला दोन्ही आहेत, आणि तिला दुखतं हे कळायला शास्त्रज्ञ लागत नाही.

१९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'व्हीगन' हा शब्द रूढ केला. त्या चळवळीने पुढे स्वतःची जी व्याख्या केली, तिच्यातच 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं' असे शब्द आहेत. सोवळं पाळायला कुणी सांगितलेलं नाही.

प्रश्न : माझ्या सोळा वर्षांच्या मुलीने दूध, दही, अंडी बंद केली आहेत. मी विरोध करत नाही, पण धास्ती वाटते. नेमकं कशाकडे लक्ष देऊ?

उत्तर : सगळ्यांत आधी बी-१२ जीवनसत्त्व. इथे मी माझीच चूक सांगते. मी आहारतज्ज्ञ असूनही पहिली तीन वर्षं गोळी घेतली नाही. पालेभाज्या, कडधान्यं भरपूर, हिमोग्लोबिन उत्तम, त्यामुळे निर्धास्त होते. चौथ्या वर्षी पायाच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. बी-१२ तळाला गेलं होतं. बी-१२ कमी पडलं की एरवी रक्तक्षय होतो, पण भाज्यांतल्या फोलेट या दुसऱ्या जीवनसत्त्वामुळे तो दिसतच नाही आणि आतल्या आत नसांना इजा होत राहते. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून सुरुवातीला सगळं ठीक वाटतं. माझ्या मुंग्या गेल्या. उशीर झाला असता तर कदाचित कायमच्या राहिल्या असत्या.

हे जीवनसत्त्व जिवाणू बनवतात, झाडं नाही. स्पिरुलिना या शेवाळासारख्या पुडीवर विसंबू नका. त्यातलं बी-१२ सारखं दिसणारं द्रव्य माणसाच्या उपयोगी पडत नाही. प्रौढांना साधारणपणे रोज १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम सुचवतात. आकडे इतके वेगळे, कारण एका वेळी शरीर दोनेक मायक्रोग्रॅमच नीट शोषतं, उरलेल्यातलं जेमतेम एक टक्का. मुलीसाठी मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आणि ती आजपासूनच सुरू होऊ दे.

दुसरं कॅल्शियम. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज १३०० मिलिग्रॅम सुचवते. कॅल्शियम घातलेलं सोयादूध घ्या आणि डबा हलवून ओता, नाहीतर ते तळाशीच राहतं. बदामाच्या दुधात प्रथिनं नावापुरती असतात. पालकावर भिस्त नको, त्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. लोहासाठी कडधान्यांवर लिंबू पिळा आणि चहा जेवणानंतर तासभराने.

आणि एक. तिने काय सोडलं यापेक्षा ती काय खातेय ते बघा. ताट भरलेलं असेल, ती आवडीने जेवत असेल, तर धास्ती सोडा. पण व्हीगनच्या नावाखाली जेवणच आटत चाललं असेल, ती आरशापुढे जास्त वेळ घालवत असेल, तर तो प्रश्न जनावरांचा नाही. मग लगेच मदत घ्या, वाट बघू नका.

प्रश्न : अंड्यात जीव नसतो, कोंबडी ते तसंही घालतेच. मग अंड्याला काय हरकत?

उत्तर : कोंबडीची रानटी पूर्वज वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. आपण वाण निवडत निवडत तिला तीनशेवर नेलं, आणि त्या कवचांचं कॅल्शियम तिच्या हाडांतूनही जातं. पण मला जास्त अस्वस्थ करतात ते नर. अंड्यांच्या जातीतली नर पिल्लं अंडी देत नाहीत आणि मांसासाठीही परवडत नाहीत, म्हणून उबवणी केंद्रात बहुतेकदा पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने २०२२ च्या सुरुवातीपासून त्यावर बंदी घातली आहे. कुणी मला म्हणालं, "आमच्या कोंबड्या अंगणात मोकळ्या असतात," तर मी एवढंच विचारते, त्या पिल्लं असताना कुठून आणल्या, आणि त्यांच्याबरोबर जन्मलेले भाऊ कुठे गेले?