आचारी भारतातून बोलवायचे आहेत. परवाना कोणता काढावा?

प्रश्न : सिंगापूरमध्ये आमचे भारतीय जेवणाचे उपाहारगृह असून सुमारे 25 माणसे कामाला आहेत. भाकरी, पुरणपोळी, तांबडा-पांढरा रस्सा यांत मुरलेले दोन आचारी कोल्हापूरकडून बोलवावेत आणि स्वयंपाकघराची सगळी जबाबदारी घेणारा एक अनुभवी प्रमुखही आणावा, असा विचार आहे. एजंट म्हणतो की, तिघांसाठी सरसकट एस पास (मध्यम कौशल्याच्या परदेशी कामगारांचा परवाना) काढा, पगार कागदावर वाढवून दाखवता येईल. आम्ही काय करावे? (एक वाचक, सिंगापूर)

उत्तर : एजंटाचा सल्ला मुळीच मानू नका. आधी परवाना ठरवून मग त्यात बसेल असा पगार कागदावर मांडणे हीच चुकीची सुरुवात आहे. माणूस प्रत्यक्षात कोणते काम करणार आणि त्याच्या बँक खात्यात दरमहा खरोखर किती रक्कम जमा होणार, या दोन गोष्टी आधी पक्क्या करा. परवाना त्यांवरूनच ठरतो.

पूर्वी सेवा क्षेत्रातील उपाहारगृहांना भारतातून वर्क परमिटवर (त्याखालच्या, कमी पगाराच्या परदेशी कामगारांच्या परवान्यावर) आचारी आणता येत नसे, म्हणून अनेकांनी एस पासचा मार्ग धरला आणि तीच सवय अजून टिकून आहे. मात्र 1 सप्टेंबर 2023 पासून भारतीय उपाहारगृहांतील आचाऱ्यांसाठी ही वाट खुली झाली आणि सप्टेंबर 2025 पासून ती सर्वच उपाहारगृहांच्या आचाऱ्यांना लागू झाली. त्यासाठी दरमहा किमान 2,000 सिंगापूर डॉलर निश्चित पगार द्यावा लागतो आणि अशा कामगारांची संख्या एकूण मनुष्यबळाच्या 8 टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. निश्चित पगारात मूळ वेतन आणि ठरलेले मासिक भत्ते एवढेच मोजले जातात. ओव्हरटाइम, बोनस किंवा आपण फुकट दिलेले जेवण त्यात धरता येत नाही. आपल्या दोन्ही आचाऱ्यांना हा परवाना चपखल बसतो. 25 चे 8 टक्के म्हणजे नेमके दोन.

पण ही 25 माणसे सिंगापूरच्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या हिशेबातही 25 भरतात का, हे अर्जाआधी तपासून घ्या. मस्टरवर नाव आहे म्हणून माणूस मोजला जातो असे नाही. स्थानिक कर्मचारी पूर्ण एक धरला जाण्यासाठी त्याला ठरावीक पगार मिळावा लागतो. 1 जुलै 2024 रोजी ही मर्यादा 1,600 डॉलर झाली. त्याखाली, पण निम्म्याहून कमी नाही, असा पगार असलेला कर्मचारी अर्धा धरला जातो. शनिवार-रविवारी येणारी मुले आपण 25 मध्ये धरली असतील, तर दोनऐवजी एकच जागा हाती उरेल. एम्प्लॉयमेंट पासवरील (वरिष्ठ, जास्त पगाराच्या नोकऱ्यांच्या परवान्यावरील) माणसे या बेरजेत येत नाहीत.

वर्क परमिटवरील प्रत्येक भारतीय कामगारामागे 5,000 डॉलरचा सुरक्षा बाँड (सरकारला द्यायची हमी), वर्षाला किमान 60,000 डॉलरचा वैद्यकीय विमा आणि मासिक लेव्ही (परदेशी कामगारामागे सरकारला भरायची रक्कम) हा सर्व भार मालकाचा आहे. लेव्हीतला एक डॉलरही आचाऱ्याच्या पगारातून कापता येत नाही. आचारी म्हणून आणलेल्या माणसाला गर्दीच्या वेळी टेबलांवर वाढायला उभे करणे किंवा मित्राच्या दुकानात मदतीला पाठवणे हेही नियमबाह्य आहे.

स्वयंपाकघराच्या प्रमुखासाठी एस पासचा विचार जरूर करा. सप्टेंबर 2025 पासून नव्या अर्जाला किमान 3,300 डॉलर पगार लागतो आणि वयाबरोबर ही रक्कम वाढत जाऊन 45 व्या वर्षी 4,800 डॉलरपर्यंत पोहोचते. अनुभवी माणूस बहुधा चाळिशीचा असतो, त्यामुळे 3,300 डॉलर धरून अंदाजपत्रक मांडू नका. सेवा क्षेत्रात एस पासचा कोटा 10 टक्के असून दरमहा 650 डॉलर लेव्ही पडते, आणि आपल्याएवढ्या आस्थापनेला जागेची जाहिरात आधी 14 दिवस सरकारी पोर्टलवर द्यावी लागते. एम्प्लॉयमेंट पासला कोटा किंवा लेव्ही नसली, तरी किमान 5,600 डॉलर पगार आणि गुणांची कसोटी लागत असल्याने तो येथे गैरलागू आहे.

राहिला कागदावर वाढवून दाखवलेला पगार, ज्यातला फरक मग कामगाराकडून रोख परत घेतला जातो. खोटी माहिती दिल्यास 20,000 डॉलरपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोकरी देण्याच्या बदल्यात कामगाराकडून पैसे परत घेतल्यास दंडाची मर्यादा 30,000 डॉलर आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, घर गहाण टाकून आलेल्या माणसाच्या पगारातून दरमहा रोख परत मागणे हा उघड अन्याय आहे, आणि तो आपल्या मुलखातल्या माणसावर करण्याचा विचारही मनात येऊ देऊ नये.

प्रश्न : मी आचारी आहे. एजंट म्हणतो, आधी पर्यटक म्हणून सिंगापूरला जा, परमिट तिथे बनते. जाऊ का? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : जाऊ नका. पर्यटक म्हणून गेलेल्याला एक दिवसही काम करण्याची मुभा नाही आणि पकडले गेल्यास शिक्षा आपल्यालाही होते. परवाना मंजूर झाला की तत्त्वतः मान्यतेचे पत्र निघते. त्यात आपले नाव, काम, पगार आणि कपाती लिहिलेल्या असतात. भारतातून प्रवासाला निघण्याआधी ते पत्र आपल्या हाती पडले पाहिजे. त्यातील पगार आपल्या लेखी संमतीशिवाय मालकाला कमी करता येत नाही, म्हणून त्याची एक प्रत घरी ठेवा. भारतातील एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते, आणि त्याला 30,000 रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेण्याचा अधिकार नाही. पावती न देता रोख मागणाऱ्याच्या हाती पासपोर्ट देऊ नका.