सार्जंट झालो, पण पोरं ऐकेनात

प्रश्न : मी कोल्हापुरात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एनसीसीत नुकताच सार्जंट झालो, पण माझ्याच बॅचची पोरं परेडला ऐकत नाहीत, हसतात. ओरडून घसा बसतो. मला सैन्यात अधिकारी व्हायचं आहे. नेतृत्वगुणांसाठी व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास लावू का? पप्पा म्हणतात, एनसीसी सोड आणि एमपीएससीच्या मागं लाग.

उत्तर : क्लास लावू नकोस. दंडावर तीन फिती लागल्या म्हणून काल बरोबर मिसळ खाणारी पोरं आज टाचा जुळवतील, असं होत नसतं. कोल्हापुरात तर नाहीच. इथं ‘भावा, कधीपासनं साहेब झालास?’ हे ठरलेलं.

आधी पप्पांचं. एनसीसीच्या ‘बी’ प्रमाणपत्राची परीक्षा दुसऱ्या वर्षी, ‘सी’ची तिसऱ्या. ‘सी’ला किमान ‘बी’ श्रेणी आणि पदवीला ५० टक्के असले, की एनसीसी स्पेशल एंट्रीतून सीडीएसची, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी भरतीची, लेखी परीक्षा न देता एसएसबीसाठी, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखत-चाचण्यांसाठी, अर्ज करता येतो. वय १९ ते २५. एमपीएससीचा क्लास पदवीनंतरही लागेल, ही वर्षं परत यायची नाहीत. परेडची ७५ टक्के हजेरी तेवढी सांभाळ.

आता ओरडण्याचं. ‘पीछे’ लांबवायचं, श्वासभर थांबायचं आणि मग ‘मुड’ तोडून द्यायचा. त्या थांबण्यात पोरं तयार होतात. बावरलेला सार्जंट दोन्ही शब्द एकदम फेकतो. निम्मे वळतात, निम्मे बघत राहतात आणि हशा पिकतो. तुझंही तेच होत असावं. गच्चीवर जा, मोबाईलवर रेकॉर्ड कर, ऐक. आवाज पोटातून येऊ दे.

पण हे मैदानापुरतं. दहा दिवसांच्या वार्षिक शिबिरात बहुतेकांना गार्ड ऑफ ऑनर हवं असतं. तू मेसची ड्युटी मागून घे. रांगेतल्या शेवटच्या दहा जणांना आमटी पुरते का, कुणाच्या टाचेला बुटानं फोड आलाय, कोण घरच्या आठवणीनं दोन दिवस नीट जेवलेलं नाही, हे तिथं दिसतं. आमच्या तालमीत हौदाची माती उकरायची वेळ झाली की वस्ताद आधी स्वतः खोरं उचलायचे. मग आम्हाला कुणी हाक मारावी लागत नसे, लंगोट कसून आपोआप उतरायचो.

एसएसबीतही हेच बघतात. जीटीओच्या, म्हणजे गटाच्या चाचण्या घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या, मैदानावर पहिल्या ग्रुप टास्कला कुणालाच पुढारी नेमत नाहीत. फळी, बल्ली म्हणजे लाकडी वासा, दोरी आणि एक ओझं देतात. लाल रंगवलेल्या भागाला स्पर्श न करता सगळ्यांनी पलीकडं जायचं. पुढं कमांड टास्कला तू प्रमुख असतोस आणि साथीदार तूच निवडतोस. परत आलेल्या मुलांना मी एकच विचारतो : तुझा टास्क राहू दे, इतरांनी तुला साथीला किती वेळा बोलावलं? फळीचं जड टोक गुपचूप धरणाऱ्याला बहुधा बोलावणं येतं. सूचनांचा पाऊस पाडणारा बाजूला बसून राहतो.

हसणाऱ्यांत सगळ्यात पुढं कोण असतो, ते तुला माहीतच असेल. पुढच्या परेडला त्यालाच राईट मार्कर, म्हणजे ओळीच्या उजव्या टोकाचा, कर. अख्खी ओळ त्याच्यावरून लागणार म्हटल्यावर हसायला त्याला सवड मिळणार नाही.