बॉडी बदलायची, पण कोणती घ्यायची? रोलच्या कॅमेऱ्याविषयी वाचकांचे प्रश्न

दरवर्षी गणपतीच्या आसपास एकाच प्रकारची पत्रं येतात. जूनमध्ये कपाटात ठेवलेला कॅमेरा मिरवणुकीसाठी बाहेर काढला जातो आणि तो चालत नाही असं लक्षात येतं. मग प्रश्न येतो, ‘याच्या जागी कोणता घेऊ?’ यंदा आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते आहे. माझं म्हणणं सगळ्यांना एकच आहे. बॉडीचं, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याचं, नाव नंतर बघा, आधी घरात कोणत्या लेन्स आहेत ते बघा.

प्रश्न : ताई, वडिलांचा निकॉन एफएम आहे. शटरचं बटण दाबलंच जात नाही. दुरुस्तीवाल्यांनी ‘पार्ट मिळत नाही’ म्हणून परत दिला. वडिलांच्या २८, ५० आणि १०५ एमएम अशा तीन निकॉन लेन्स आहेत. मित्र म्हणतो एफएम२ घे. घेऊ का? (कोथरूड)

नवीन काही घ्यायच्या आधी एक करून बघा. रोल पुढे सरकवायचा जो लिव्हर आहे, तो बोटाने थोडा बाहेर ओढा. अर्धा इंच बाहेर आला की पुरे. आता बटण दाबा. एफएममध्ये हा लिव्हर बॉडीला चिकटून आत असेल, तर प्रकाश मोजणारं मीटर बंद राहतं आणि बटणही अडतं. ही त्याची रचनाच आहे, बिघाड नाही. चांगले चालू एफएम या एका गोष्टीमुळे ‘बंद’ म्हणून विकले गेलेले मी पाहिले आहेत.

तरीही बटण दबत नसेल, तर लेन्सकडे वळा. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स बसवायची गोल जागा, १९५९ पासून आहे, त्यामुळे ‘निकॉनची कुठलीही लेन्स कुठल्याही निकॉनला लागते’ असं लोक सांगतात. ते अर्धंच खरं आहे. १९७७ मध्ये निकॉनने एआय पद्धत आणली, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) किती लावलं आहे ते लेन्सने बॉडीला कळवायची नवी पद्धत. त्याआधीच्या लेन्सची अ‍ॅपर्चर रिंग मागच्या बाजूने सलग असते. ती एफएम२ ला लावायला गेलात, तर माउंटभोवतीच्या छोट्या खटक्यावर दाबली जाते आणि खटका वाकतो. माझ्या हातून असा एक खटका वाकलेला आहे. घाईत लेन्स फिरवली, कट्ट असा आवाज आला आणि त्या दिवसापासून त्या बॉडीचं मीटर कधीच धड चाललं नाही.

ओळख सोपी आहे. लेन्स उजेडात धरा. अ‍ॅपर्चरचे मोठे आकडे दिसतील. त्यांच्या मागे, माउंटच्या अगदी कडेला, त्याच आकड्यांची दुसरी बारीक ओळ असेल तर लेन्स एआय आहे. रिंगवर सशाच्या कानांसारखा जो धातूचा तुकडा असतो, त्यालाही एआय लेन्समध्ये दोन भोकं असतात, जुन्यात तो भरीव असतो. तिन्ही लेन्स अशा तपासा.

तिन्ही एआय असतील तर एफएम२ बिनधास्त घ्या. १९८२ चा कॅमेरा, पण शटर सेकंदाच्या ४००० व्या भागापर्यंत जातं आणि तेही सेलशिवाय. एक जरी जुनी निघाली आणि ती वडिलांची आवडती असली, तर पुन्हा एफएमच शोधा, किंवा एफई. या दोन्हींचा तो खटका वर उचलून बाजूला करता येतो. मीटर मग अ‍ॅपर्चर फोटोला हवं तेवढं लहान करून वाचावं लागतं, पण लेन्स वापरता येते. एफईला सेल लागतो. सेल संपला तर एक ठरावीक वेग आणि बी (बटण दाबून धराल तितका वेळ उघडं शटर) एवढंच उरतं. पण त्याचं काट्याचं मीटर मला एफएमच्या लाल दिव्यांपेक्षा जास्त बोलकं वाटतं. प्रकाश किती कमी किंवा किती जास्त, ते काटा दाखवतो. दिवे तेवढं बारकाईने सांगत नाहीत.

वडिलांची १०५ कोणतीही निघो, ती विकू नका.

प्रश्न : मॅडम, भुशी डॅमला पेंटॅक्स के१००० पाण्यात पडला. माझ्याकडे ५० एमएम लेन्स बाहेर होती म्हणून वाचली. के१००० चा भाव ऐकून धक्का बसला. कॉलेजच्या प्रोजेक्टला हातानेच सगळं करायचा कॅमेरा हवा आहे. (फर्ग्युसन रस्ता)

के१००० साधा म्हणूनच मोठा झाला. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं तो बनत राहिला. शिकवणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या त्याचंच नाव सांगितलं, म्हणून आज तुम्ही त्या नावाचे पैसे भरता. त्याला सेल्फ टायमर नाही, डेप्थ ऑफ फील्ड (फोटोत कुठपासून कुठपर्यंत स्पष्ट येईल ते) बघायची सोयही नाही. पेंटॅक्सच्याच केएममध्ये या दोन्ही आहेत. एमएक्स तर त्याहून लहान आणि तोही पूर्ण यांत्रिक. रिकोचा केआर-५ सुद्धा हाच के माउंट घेतो, नावाला वजन नाही म्हणून पडून असतो. या तिघांपैकी जो चांगल्या स्थितीत मिळेल तो घ्या.

घरात किंवा ओळखीत कुणाकडे झेनिट कॅमेरा असेल तर त्याची हेलिओस ५८ एमएम लेन्स मागून घ्या. ती एम४२ चुडीची, म्हणजे आट्यांवर फिरवून बसवायची असते. एम४२ आणि के माउंट यांचं फिल्मपासूनचं अंतर सारखंच आहे, ४५.४६ मिलिमीटर. त्यामुळे एका पातळ रिंगवर ती तुमच्या पेंटॅक्सला लागते आणि लांबचं फोकसही नीट मिळतं. निकॉनला हे जमत नाही.

पाण्यात पडलेली बॉडी तांदळात ठेवू नका. पीठ आत जातं. दुरुस्तीवाल्याकडे सुट्या भागांसाठी द्या.

प्रश्न : जुन्या बाजारात रविवारी एसएलआर (आरशाच्या मदतीने लेन्समधूनच बघायचे कॅमेरे) दिसतात. स्वस्त असतात, पण घ्यायला भीती वाटते. दहा मिनिटांत काय तपासावं? (मंगळवार पेठ)

भीती योग्य आहे, पण दहा मिनिटं खरंच पुरतात. जाताना खिशात एलआर४४ चे दोन सेल, एक नाणं आणि छोटी टॉर्च ठेवा. बुधवारी गर्दी त्यामानाने कमी असते, दुकानदार कॅमेरा हातात घेऊन बघू देतो.

सगळ्यात आधी मागचं झाकण उघडून वास घ्या. कुबट वास आला तर आत ओल बसलेली आहे आणि लेन्समध्ये बुरशी मिळण्याची शक्यता मोठी. मग झाकणाच्या खाचेतल्या काळ्या फोमवर बोट दाबा. बोटाला डांबरासारखं काळं लागलं तर फोम कुजला आहे. चाळीस वर्षांच्या कॅमेऱ्यात तो कुजणारच, त्यावरून कॅमेरा नाकारू नका. नवीन फोम बसवणं हे स्वस्त काम आहे. तेवढे पैसे भावातून कमी करायला सांगा.

आता लेन्स काढा. लिव्हर ओढा, वेग एक सेकंदावर लावा, झाकण उघडं ठेवूनच बटण दाबा आणि आवाज ऐका. कुर्रर्र असा यंत्राचा सलग आवाज येऊन सेकंदाने थांबला पाहिजे. मध्येच अडखळला, किंवा शटरचा पडदा अर्ध्यावर लटकला, तर वंगण सुकलेलं आहे. मग वेग १००० वर न्या, मागून डोळा लावून मोकळ्या आभाळाकडे बघा आणि बटण दाबा. क्षणभर पूर्ण चौकोन उजळ दिसला पाहिजे. एका कडेला काळोख दिसला तर फोटोची ती बाजूही काळीच येईल. शंका असेल तर फोनचं स्लो मोशन वापरा. सेकंदाला २४० फ्रेमच्या व्हिडिओत सेकंदाच्या ३० व्या भागाचं शटर साधारण आठ फ्रेम उघडं दिसतं. बारा-तेरा दिसलं तर कॅमेरा बराच मंद आहे.

कापडी पडदा असेल तर पुढून टॉर्च मारा आणि मागून बघा. सुईएवढा उजेड दिसला तर पडद्याला छिद्र आहे. लेन्समध्येही टॉर्च तिरकी मारा. जाळ्यासारखे पांढरे धागे म्हणजे बुरशी. कडेला थोडी असेल तर साफ होते, पण काचेवरचा थर तिने खाल्लेला असेल तर तो डाग राहतो. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक असेल तर पाती हळू बंद होतात. लेन्स हातात धरून मागचा छोटा खटका हलवा, पाती झटकन मिटली पाहिजेत.

शेवटी नाण्याने सेलचं झाकण उघडा. आत हिरवट पूड असेल तर सेल गळलेला आहे. व्हिनेगरच्या बोळ्याने बऱ्याचदा साफ होतं, पण तार आतून खाल्लेली असेल तर मीटर गेलं म्हणून समजा. सेल घाला आणि फोनमधल्या मीटरशी तुलना करा. अर्ध्या स्टॉपचा फरक चालतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). फोनही नसेल तर ऊन साक्षीला आहेच. कडक उन्हात एफ/१६ ला शटर फिल्मच्या आयएसओइतकं, म्हणजे २०० च्या रोलला सेकंदाच्या २०० व्या भागाच्या जवळपास यायला हवं.

विक्रेता ‘आत रोल आहे, उघडू नका’ म्हणाला तर नमस्कार करून पुढे चला.

प्रश्न : माझा कॅनन एई-१ बटण दाबल्यावर खोकल्यासारखा आवाज करतो. बदलायची वेळ आली का? माझ्या जुन्या एफडी लेन्स कॅननच्या नवीन ईओएस कॅमेऱ्याला लागतील का? (सहकारनगर)

बदलू नका. हा या कॅमेऱ्याचा फार जुना आणि ओळखीचा आजार आहे. आरसा वर उचलणाऱ्या यंत्रणेतलं तेल सुकलं की तो असा चिरकतो. जाणत्या कारागिराने योग्य जागी तेलाचा एक थेंब सोडला की आवाज जातो. घरी स्प्रे मारू नका, तेल पडद्यावर आणि आरशावर उडतं आणि मग खरोखरच बदलायची वेळ येते. हा आवाज करत वर्षभर चालवलात तर आरसा मंदावतो, म्हणून लवकर न्या.

एफडी लेन्स ईओएस फिल्म कॅमेऱ्याला लागत नाहीत. १९८७ मध्ये कॅननने माउंटच बदलला. उद्या खरंच दुसरी बॉडी लागली तर एई-१ प्रोग्रॅम किंवा ए-१ घ्या. सेलवर अवलंबून राहायचं नसेल तर एफटीबी आहे, वजनदार पण यांत्रिक. तुमच्या एई-१ चं शटर मात्र सहा व्होल्टच्या सेलशिवाय हलतही नाही, तेव्हा बॅगेत एक जास्तीचा ठेवाच.

प्रश्न : मिनोल्टा एसआरटी १०१ चं मीटर चुकतं. पाऱ्याचे सेल आता मिळत नाहीत. म्हणून दुसरा कॅमेरा घेऊ का? (चिंचवड)

एका सेलसाठी चांगला कॅमेरा सोडायचं कारण नाही. पाऱ्याचा सेल १.३५ व्होल्टचा होता, आजचा साधा सेल दीड व्होल्टचा, म्हणून मीटर गडबडतं. कानाच्या मशीनसाठी ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल मिळतो, तो साधारण १.४ व्होल्ट देतो. आकाराने बारीक आहे, भोवती रबरी रिंग घाला. स्टिकर काढला की दोन-तीन महिन्यांत तो संपतो, वापरा किंवा नका वापरू. त्यामुळे चार-पाच आणून ठेवा.

प्रश्न : जुन्याचा त्रासच नको. नवीन फिल्म एसएलआर मिळेल का? (बाणेर)

मोठ्या कंपन्यांपैकी कुणी आज बनवत नाही. निकॉनने एफ६ २०२० मध्ये थांबवला. पेंटॅक्सने २०२४ मध्ये ‘१७’ आणला, पण तो एसएलआर नाही आणि अर्ध्या फ्रेमचा (एका फोटोच्या जागेत दोन काढणारा) आहे. त्याचं मला कौतुक आहे, पण तुमच्या लेन्स त्याला लागणार नाहीत. जुनाच घ्या, त्याची एकदा सर्व्हिसिंग करून घ्या, म्हणजे त्रास कमी होईल.

प्रश्न : वय अडुसष्ट. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर व्ह्यूफाइंडरमधलं फोकस जमत नाही. मुलगा म्हणतो फोनवर काढा. मला रोलच हवा. माझा याशिका आता कुणाला देऊन टाकू आणि काय घेऊ? (सदाशिव पेठ)

रोलच घ्या, आणि ऑटोफोकसचा कॅमेरा बिनदिक्कत घ्या. त्यात कसलाही कमीपणा नाही. तुमची नजर कुठे थांबावी हे तुम्हीच ठरवता, काच फिरवण्याचं काम फक्त यंत्र करतं.

निकॉन एफ८० बघा. व्ह्यूफाइंडरशेजारी चष्म्याच्या नंबरसारखं जुळवून घ्यायचं बटण आहे. आधी रिकाम्या भिंतीकडे धरून आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत ते सरकवा, मग फोटो काढा. याला निकॉनची ५० एमएम एफ/१.८ डी लेन्स लावा. लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात ४०० चा रोल असला, तरी या लेन्सवर हात स्थिर ठेवून काम होतं. ही बॉडी हाताने फोकस करायच्या जुन्या लेन्सना मीटर देत नाही, म्हणून ती घेताना लेन्सही ऑटोफोकसचीच घ्या. डिजिटलच्या छोट्या सेन्सरसाठी केलेल्या डीएक्स लेन्स टाळा, फोटोच्या कडा काळ्या येतात.

एफ८० घेताना मागच्या झाकणावर अंगठा फिरवा. रबराचा थर बऱ्याचदा चिकट झालेला असतो. घाबरू नका. फार्मसीत मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडावर थोडं घ्या, हळूहळू पुसा, थर निघून खाली गुळगुळीत प्लास्टिक लागेल. याला सीआर१२३ए चे दोन सेल लागतात, ते एकदम चार घ्या.

याशिका देऊन टाकू नका. लेन्स लावून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पुढच्या जूनच्या आधी पुड्या बदला. महिन्यातून एकदा बाहेर काढून, रोल न घालता, प्रत्येक वेगावर दोनदा शटर वाजवा.