मुलगा तेरा वर्षांचा आहे. या वयात ऑटिझमची तपासणी करून काही उपयोग आहे का?

तुम्ही राजापूरहून विचारलंय. मुलगा आठवीत, बोलतो स्वच्छ, मार्क बरे, पण मित्र एकही नाही, शाळेतून आला की दोन तास कोणाशी शब्द नाही, आणि डॉक्टर म्हणतात, "बोलतोय ना, मग ऑटिझम कसला?" हेच वाक्य मी कणकवलीत ऐकलंय, माझी मुलगी अकरा वर्षांची असताना. निदान बाराव्या वर्षी झालं, आता ती चौदाची आहे. मी डॉक्टर नाही, देवगड तालुक्यातली एक आई आहे. उपयोग आहे, नक्की आहे. पण गाडीचं तिकीट काढण्याआधी महिनाभर घरात काम करा.

मोठ्या मुलाच्या तपासणीत अर्धा वेळ त्याच्या पहिल्या तीन-चार वर्षांवर जातो. ऑटिझम तेराव्या वर्षी सुरू होत नाही, म्हणून खुणा लहानपणी होत्या का हे तपासणारे खोदून विचारतात. त्या खुणा तेव्हा कोणाच्या डोळ्यांवर आल्या नसतील, तर तेही निदानाच्या निकषांत धरलेलं आहे: मुलाकडून अपेक्षा वाढल्या की मग ते उघडं पडतं. आमच्याकडे अगदी तसंच झालं. चौथीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, वर्गात चौदा मुलं, चारही वर्षं एकच बाई. पाचवीला हायस्कूल, वर्गात अठ्ठावन्न, दर तासाला नवे सर. गणपतीपर्यंत तिने जेवण निम्म्यावर आणलं होतं. सासूबाई म्हणाल्या, दिष्ट लागली. देवळात गाऱ्हाणं घातलं, मीही हात जोडून उभी होते. खोटं कशाला सांगू?

पण तपासणीत सगळ्यात जास्त कामाला आल्या त्या सासूबाईच. मी बागेत आणि पॅकिंगमध्ये अडकलेली, लहानपणी तिला त्यांनीच सांभाळलं. विचारायला बसले तर म्हणाल्या, "तां लहान असताना वाळयेत पाय ठेवी नाय, उचलूनच घेवक लागा." समुद्राकाठची मुलगी आणि वाळू नको! आंब्याच्या पेटीतला पेंढा पायाला लागला तरी किंचाळायची. हाक मारली तर बघायची नाही, पण लांबून एसटीचा हॉर्न आला की कुठली गाडी ते सांगायची. यातलं मला निम्मं आठवत नव्हतं. तुमच्या घरी आजी, आत्या, अंगणवाडीच्या ताई, जे कोणी असतील त्यांच्याकडे बसा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकंही काढा. "हुशार आहे पण एकलकोंडी" हा शेरा आमच्याकडे चार वर्षं ओळीने निघाला.

मुलगा चिडतो तेव्हाचे व्हिडिओ काढू नका. त्याला ते कळतं, आणि विश्वास जातो. त्यापेक्षा वहीत तीन गोष्टी लिहा: आधी काय घडलं, किती वेळ चाललं, कशाने शांत झाला.

आता कुठे जायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. सरकारी शाळेत त्यांचं पथक येतं, त्यांच्याकडून जिल्हा रुग्णालयाची संदर्भ चिठ्ठी मिळू शकते. रत्नागिरी तुम्हाला जवळ, आम्हाला सिंधुदुर्गातलं ओरोस. तिथे आधी कान तपासून घ्या. ऐकू कमी येणारं मूलही असंच 'लक्ष देत नाही' वाटतं. पूर्ण तपासणीसाठी मात्र विकासात्मक बालरोगतज्ज्ञ (मुलांची वाढ आणि वागणं बघणारे डॉक्टर) आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (चाचण्या घेणारे मानसशास्त्रज्ञ) दोघं असलेले बरे. आम्ही मुंबई गाठली. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडचे बरेच जण गोव्यात बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जातात. वेळ घेतानाच दोन गोष्टी विचारा: दहा वर्षांपुढच्या मुलांचं काम करता का, आणि मुलाशी मराठीत बोलणार का? पहिला प्रश्न महत्त्वाचा, कारण बऱ्याच प्रश्नावल्या लहान मुलांसाठीच बनवलेल्या असतात. नीट बोलणाऱ्या मोठ्या मुलांसाठी वेगळ्या असतात.

आमची चूक ऐका. कोकणकन्या एक्सप्रेसने रात्रभर प्रवास, दादरला उतरून थेट दवाखान्यात. मुलगी तीन तासांत दहा शब्द बोलली. तो दिवस फुकट गेला, आणि बुद्ध्यांकाची चाचणी पुन्हा घ्यावी लागली. एक दिवस आधी जा, नातेवाइकांकडे गर्दी असेल तर लॉज बघा.

आत काही भयंकर नसतं. आमची दोन-अडीच तास मुलाखत, तिची बुद्ध्यांक चाचणी, आणि मग सायकॉलॉजिस्ट बाई तिच्याशी नुसत्या बोलत बसल्या. ऑटिझम रक्तात किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. दिसतो असं सांगून कोणी महागड्या तपासण्या लिहिल्या तर कारण विचारा. मूळपेशींच्या (स्टेम सेलच्या) इंजेक्शनने बरा करतो म्हणणाऱ्याकडे तर फिरकू नका, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच त्याला नकार दिलाय. बाईंनी आवड विचारली तेव्हा मुलगी भरतीवर बोलायला लागली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हे तिला आजोबांनी शिकवलेलं, आणि देवगडला त्यात किती मिनिटांचा फरक पडतो ते तिने वर्षभर जेटीवर जाऊन टिपलेलं. वीस मिनिटं एकटीच बोलली, बाईंनी घड्याळ बघितलेलं तिला कळलं नाही. अहवालात ऑटिझमबरोबर चिंतेचा त्रासही निघाला. तुमच्याकडे एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) किंवा अध्ययन अक्षमता (लिहिण्या-वाचण्यात, गणितात अडचण) निघेल, किंवा ऑटिझम नसेलही. उत्तर आधीच ठरवून जाऊ नका.

निदान आणि दिव्यांग प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथे पुष्कळ आईवडील फसतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करायचा, मग जिल्हा रुग्णालयातलं डॉक्टरांचं मंडळ बघतं. तिथे इसा नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि एकूण ७० च्या खाली गेलात तर त्या पट्टीवर ऑटिझम धरत नाहीत. माझी मुलगी अनोळखी माणसांसमोर पाठ केल्यासारखी गुणी वागते. तिला ६६ मिळाले. निदान आहे, प्रमाणपत्र नाही! निर्णयाविरुद्ध अपील करता येतं, आम्ही ते केलंय, आणि या वेळी वर्गशिक्षिकांनी काय दिसतं ते लिहून दिलंय. दहावीला वाढीव वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर शाळेमार्फत रत्नागिरीच्या कोकण विभागीय शिक्षण मंडळाकडे कागद जातात. नववीतच सुरुवात करा, फॉर्म भरायची वेळ आल्यावर धावपळ करून काही हाती लागत नाही.

प्रमाणपत्र नसतानाही शाळेने बरंच केलं, हे मात्र सांगायला हवं. मधल्या सुट्टीत वाचनालयात बसायची परवानगी, पहिल्या बाकाऐवजी भिंतीकडची जागा, आणि गॅदरिंगच्या नाचातून सुटका. तीन गोष्टी, खर्च शून्य. अहवालाच्या झेरॉक्सवर मुख्याध्यापकांनी पाच मिनिटांत सही केली. जेवण दिवाळीपर्यंत जागेवर आलं.

मुलाला सांगायचं का, असंही विचारलंत. तेराव्या वर्षी न सांगता नेऊच नका, त्याला काय वाटेल ते तो मनातच रचत बसेल. आम्ही जाण्याआधी एवढंच सांगितलं की तुला शाळेत इतका थकवा का येतो ते समजून घ्यायला जातोय. निकालानंतर जेटीवर बसून नाव सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी नाटक करत नव्हते." तिला नाटकी म्हणणाऱ्यांत मीही होते.

आणि तारीख घेताना गणपतीचे दिवस टाळा. तिकीट मिळत नाही, आणि घर माणसांनी भरलेलं असताना मुलगा आधीच दमलेला असतो.