समोर मॅच, कानात रेडिओ

लाडक्या सोन्या,

परवा एमसीजीवरून, म्हणजे मेलबर्नच्या क्रिकेट मैदानावरून, परत येताना ट्रेनमध्ये तू विचारलंस, "आई, मॅच समोर दिसत होती, मग तू दिवसभर कानात इअरफोन घालून काय ऐकत होतीस?" रात्री आजोबा फोनवर म्हणाले, "त्रिफळाच उडाला की रे त्याचा!" तेव्हा तू औषधांच्या कपाटाकडे बघितलंस. दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, पुण्यात, सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत. सावकाश वाच, अडलं तर विचार.

आमच्या घरी टीव्ही फार उशिरा आला. रेडिओ होता. भिंतीतल्या फळीवर, त्यावर आजीने विणलेला क्रोशाचा रुमाल. त्याला तेव्हा लायसन लागायचं, दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे. (खरंच! तुला वाटेल मी थापा मारतेय.) त्याचा कान पिळायचा हक्क फक्त आजोबांचा. काटा केसभर जरी हलला तरी मॅच जायची आणि कुठल्या तरी अगम्य भाषेतल्या बातम्या लागायच्या.

मुंबईत कसोटी असली की बाळ ज. पंडितांचं मराठीतून धावतं समालोचन लागायचं. मी सात-आठ वर्षांची. मैदान कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे जे शब्द कानावर पडतील त्यांचंच मैदान मी बांधत गेले, आणि ते बरंचसं चुकीचं बांधलं. 'गली' ही खरं तर मैदानावरची क्षेत्ररक्षकाची एक जागा, पण 'गलीतून चेंडू सीमापार' म्हटलं की मला आमचा बोळच दिसायचा. चेंडू म्युनिसिपालटीच्या नळापासून, धुण्याच्या दोऱ्यांखालून गडगडत रस्त्यावर जातोय. आणि त्रिफळा! आजी रोज रात्री कोमट पाण्यातून त्रिफळा चूर्ण घ्यायची. फलंदाज त्रिफळाचीत झाला म्हणजे त्याच्या पोटात कळ आली आणि तो धावत तंबूत गेला, अशी माझी पक्की समजूत होती. तेव्हा तुझं कपाटाकडे बघणं वारशाने आलेलं आहे. हिरडा, बेहडा, आवळा ही तीन फळं म्हणजे त्रिफळा. इथे त्रिफळा म्हणजे तीन यष्ट्या, चेंडूने त्या उडाल्या की फलंदाज बाद. आणि 'चीत' आला कुस्तीतून. विलायती खेळाला आपल्या लोकांनी तालमीतली माती लावली, हे मला आजही फार आवडतं.

पण मला खेळाचं खरं वेड लागलं ते एका मराठी नसलेल्या समालोचनाने. फेब्रुवारी १९८१, मेलबर्न, भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी. हो, आपलंच एमसीजी! पहाटे साडेपाचच्या सुमारास आजोबा शॉर्टवेव्हवर रेडिओ ऑस्ट्रेलिया लावायचे. आवाज लाटेसारखा जवळ यायचा, पुन्हा खरखरीत बुडायचा. मला इंग्रजी कळत नव्हतं, म्हणून आजोबा कान रेडिओला लावून आम्हाला मराठीत सांगायचे. चेतन चौहानने ८५ धावा केल्या, तर त्या जणू घरच्याच. पुण्याच्या वाडिया कॉलेजचा मुलगा ना तो! ऑस्ट्रेलियाला जिंकायला हव्या होत्या फक्त १४३. चौथ्या दिवशी आपल्या घावरीने त्यांच्या कर्णधाराला, ग्रेग चॅपेलला, पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत केलं होतं, पण कपिल देवची मांडी दुखावलेली, त्याने त्या दिवशी चेंडू हातात घेतलाच नव्हता.

शेवटच्या दिवशी तो इंजेक्शन घेऊन आला. इकडे आमच्या आईने, म्हणजे तुझ्या आजीने, चहासाठी स्टोव्ह पेटवला. पंपाच्या स्टोव्हची घरघर तू ऐकलेली नाहीस. एकदा सुरू झाला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. "तो स्टोव्ह बंद कर आधी!" आजोबा ओरडले. आयुष्यात तिच्यावर असे एकदाच ओरडले असतील. तिने निमूट बंद केला आणि पदराला हात पुसत तीही येऊन बसली. समोरच्या बिऱ्हाडातले काका दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून दारात उभे. मी पाटीवर विकेटी मांडत होते. सात. आठ. नऊ. आणि नेमकी तिथेच खरखर. आजोबांनी रेडिओच्या पाठीत थाप मारली. पुन्हा मारली. मग नुसता गर्दीचा गलका, आणि आजोबांचा चेहरा. ऑस्ट्रेलिया सर्वबाद ८३. कपिलने पाच घेतल्या होत्या, २८ धावांत. चहा मिळाला तेव्हा काकांचा साबण वाळून पांढरा झाला होता.

त्यानंतर मी वाड्यात धोपाटण्याने क्रिकेट खेळायला लागले. फलंदाज मीच, समालोचकही मीच. "पोरीच्या जातीला..." वगैरे बोलणी झाली, ती सोडून दे.

खरी मॅच पाहिली ५ डिसेंबर १९८४ ला, पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर, इंग्लंडविरुद्ध. वेंगसरकरने १०५ केल्या, गॅटिंगने नाबाद ११५ करून मॅच नेली. पण मी पहिल्या तासातच हिरमुसले होते. सगळं इवलंसं, आणि कोणी काही सांगेचना! चेंडू कसा वळला, कोण का पुढे सरकला, काही कळेना. मग लक्षात आलं, आजूबाजूचे निम्मे लोक ट्रान्झिस्टर कानाला लावून बसलेत. शेजारच्या आजोबांनी त्यांचा ट्रान्झिस्टर न बोलता आमच्या दोघांच्या मधे ठेवला आणि मैदान जागेवर आलं.

तेव्हापासूनची ही सवय. परवाही कानात एबीसी रेडिओ होता. फक्त फोनवरचा आवाज खेळाच्या जवळजवळ अर्धा मिनिट मागे चालतो. ती शेवटची विकेट पडली तेव्हा सगळं स्टेडियम उठून ओरडत होतं, आणि तू मला हलवून म्हणालीस, "आई, ऊठ ना!" मी उठले नाही, कारण माझी विकेट अजून पडायची होती.

तुझी,
आई