संगणक-शंका : मुलीचा लॅपटॉप आणि एक रिकामा स्लॉट

प्रश्न : मार्केट यार्डात गुळाच्या अडत पेढीवर मी दिवाणजी आहे. मुलगी शिवाजी विद्यापीठात शिकते. तिचा लॅपटॉप २०१९ साली घेतलेला, प्रोसेसर आठव्या पिढीचा आय-३, रॅम ४ जीबी. ब्राउझरमध्ये चार-पाच पानं उघडली की अडकतो, एकदा तर निबंध जमा करायच्या रात्रीच बंद पडला. दुकानदार म्हणतात, टाका आता, नवीन घ्या. शेजारचा मुलगा म्हणतो, रॅम वाढवा, घरीच जमतं. मी आजवर लॅपटॉप कधी उघडलेला नाही. मला जमेल का?
— एक वाचक, उत्तरेश्वर पेठ

उत्तर : दादा, लॅपटॉप टाकू नका. तुम्हाला जमेल. फक्त पैसे मोजण्याआधी एक गोष्ट बघा.

लॅपटॉप सुरू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. खाली बारीक अक्षरात ‘स्लॉट्स यूज्ड’ असं येतं. तिथं ‘१ ऑफ २’ दिसलं तर एक जागा रिकामी आहे. ‘१ ऑफ १’ असेल तर जुनी स्टिक, म्हणजे रॅमच्या चिपा बसवलेली छोटी पाटी, काढून मोठी बसवावी लागेल. तिथंच स्पीडचा आकडाही असतो, २४०० किंवा २६६६ असा. तो लिहून घ्या.

याच खिडकीत डिस्कवरही नजर टाका. मेमरी भरलेली आणि डिस्क सारखी १०० टक्क्यांवर, असं दिसलं तर काय घडतंय ते तुमच्याच यार्डातलं उदाहरण घेऊन सांगते. सौद्याच्या वेळी दुकानात गुळाचे रवे मांडायला जागाच कमी असली, तर एक माल दाखवायला दुसरा गोदामात न्यायचा, पुन्हा तो आणायचा, पहिला न्यायचा. हमाल दमतात आणि सौदा पुढं सरकत नाही. रॅम अपुरी पडली की विंडोज हेच करतं, सामान हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. हार्ड डिस्क जुन्या फिरत्या चकतीची असेल, तर ही ये-जा फार संथ होते. म्हणून रॅम वाढवल्यावर पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत एसएसडीही बसवा, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क. ऐपत एकाचीच असेल, तर तुमच्या ४ जीबीच्या बाबतीत मी आधी रॅमच घ्यायला सांगेन.

दुकानात गेल्यावर ‘लॅपटॉपची डीडीआर-४, ८ जीबी’ असं स्पष्ट सांगा. डीडीआर-४ हा रॅमचा प्रकार. डेस्कटॉपची स्टिक जवळपास दुप्पट लांब असते, ती चालत नाही. तुमच्या मॉडेलला जास्तीत जास्त किती रॅम चालते, ते कंपनीच्या माहितीपत्रकात बघून जा. स्पीड ३२०० ची मिळाली तरी घ्या, ती मशिनच्या वेगाला उतरून चालते. जुनी ४ आणि नवी ८ मिळून १२ जीबी होतील, एवढी तुमच्या मुलीला पुरे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढलेत. तेव्हा दुसऱ्या लॅपटॉपमधून काढलेली, तपासून दिलेली स्टिक घ्यायलाही हरकत नाही. रॅम वापरून झिजत नाही. पावती मात्र मागाच.

हे इतकं बारकाईनं सांगतेय, कारण मी स्वतः एकदा फसले आहे. २०१५ साली एका लॅपटॉपसाठी दुकानातून डीडीआर-३ ची स्टिक आणली. व्यवस्थित बसली, क्लिप लागली, पण मशिन सुरूच होईना. त्या मशिनला १.३५ व्होल्टची डीडीआर-३-एल हवी होती आणि मला दिली होती १.५ व्होल्टची. दोन्हींची खाच एकाच जागी असते, त्यामुळं हाताला फरक कळत नाही. दुकानदारानं बदलून दिली नाही. ज्या मुलाचा तो लॅपटॉप होता, त्याची परीक्षा दोन दिवसांवर होती. तेव्हापासून मी जुन्या स्टिकवरचं लेबल वाचल्याशिवाय कुणाला खरेदीला पाठवत नाही. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ यांची खाच मात्र वेगळ्या जागी असते, तिथं चूक लगेच लक्षात येते.

आता उघडायचं कसं. शिफ्टचं बटण दाबून धरून शट डाऊन करा, म्हणजे मशिन पुरतं बंद होतं. चार्जर काढा. टेबलावर सुती चादर घाला, नायलॉनची नको. हात नळाच्या किंवा खिडकीच्या लोखंडी गजाला लावून या. थंडीच्या कोरड्या हवेत अंगावर साठलेली स्थिर वीज चिपला मारक ठरते. खालच्या झाकणाचे स्क्रू एका मापाचे नसतात. कागदावर झाकणाचं चित्र काढून ज्या-त्या जागी स्क्रू ठेवत जा. एखादा रबरी पायाखाली दडलेला असतो, डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर एक तिचाही असतो. सगळे निघाले की जुनं एटीएम कार्ड कडेच्या फटीत सरकवून हळूहळू सोडवत न्या. झाकण निघालं की सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. वायर ओढू नका, प्लॅस्टिकला दोन्ही बाजूंनी नखं लावून सरकवा. मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा.

स्टिक कडेनं धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. खाच जुळवून साधारण ३० अंशांत तिरकी आत सारा. सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजे. मग खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक्’ करतात. माझे वडील उद्यमनगरात टर्नर होते. कारखान्यात नव्या पोराला ते पहिल्याच दिवशी सांगायचे, “बसत न्हाई म्हंजे माप चुकलंय. जोर लावू नगंस.” स्टिक बसवताना मला अजून त्यांचाच आवाज ऐकू येतो. बसेना तर काढा, खाच परत बघा.

पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही वेळ काळी राहील. घाबरून बटण दाबू नका. मशिन नवी रॅम ओळखत असतं, मिनिट-दोन मिनिटं द्या. सुरू झालं की ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधून एकदा तपासणी चालवा. अजून विंडोज १० असेल, तर त्याचा कंपनीकडून मिळणारा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. आठव्या पिढीच्या आय-३ वर ११ चालतं, तेही याच वेळी उरकून घ्या.

प्रश्न : पावसाळ्यात महिनाभर पडून राहिलेला लॅपटॉप सुरू केला, तर दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच. रॅम गेली का?
— एक वाचक, गगनबावडा

उत्तर : बहुतेक गेलेली नसते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं अशी मशिनं पुष्कळ येतात. ओलसर हवेनं स्टिकच्या पट्टीवर पापुद्रा धरतो. वर सांगितल्याप्रमाणं बॅटरी सोडवून स्टिक काढा, मऊ पांढरा खोडरबर सोनेरी पट्टीवर दोन-तीनदा हलका फिरवा, कण झटका आणि परत बसवा. जास्त घासू नका, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. दोन स्टिक असतील तर एकेक लावून बघा, म्हणजे दोष कुठल्या स्टिकमध्ये की स्लॉटमध्ये, ते कळेल.

प्रश्न : गेल्या वर्षी घेतलेल्या पातळ लॅपटॉपमध्ये ८ ची १६ जीबी करायची आहे. टास्क मॅनेजरमध्ये ‘रो ऑफ चिप्स’ दिसतं.
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : म्हणजे रॅम बोर्डावरच झाळलेली आहे. एखाद्या मॉडेलमध्ये झाळलेल्या रॅमसोबत एक मोकळा स्लॉटही असतो, म्हणून माहितीपत्रक एकदा बघा. स्लॉट नसेल तर खर्च करू नका, घरी किंवा दुकानात ते वाढणार नाही. ब्राउझरच्या बिनकामाच्या जोडण्या (एक्स्टेन्शन) काढा, विंडोजसोबत आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधून बंद करा. ८ जीबीत रोजचं काम होईल.